नातं नसलेल्या मामांना

मामा,

तुम्ही गेलात म्हणून त्या सकाळी शाळा लवकर सोडायची होती, आणि मी तुमचीच परवानगी मागायला बसले. ऐन वेळी सुट्टी द्यायची तर मुख्याध्यापिकेनं प्रबंधकांना लेखी कळवावं, हा तुम्ही घालून दिलेला नियम. शिक्षिका सिंधूताई दारात येऊन म्हणाल्या, "बाई, अस्पतालातून फोन आला होता. मामा गेले." मी "बरं" म्हटलं, कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले. 'माननीय प्रबंधक महोदय, आज शाळेस सुट्टी देणे आवश्यक आहे, कारण'. कारणापाशी माझा हात थांबला. कारण ठाऊक होतं, पण ते तुम्हाला कसं कळवायचं ते सुचेना. सिंधूताईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याच घंटा द्यायला गेल्या.

मला रडू आलं नाही. दुपारी तुम्हाला दुर्गाघाटाच्या गल्लीतून नेलं तेव्हा मी शाळेच्या पायरीवर उभी होते. गल्ली एवढी अरुंद की तुम्हाला खांदा देणारे भिंतीला घासत चालले होते. भाजीवाल्यानं आपली टोपली उचलून आमच्या पायरीवर ठेवली आणि हात जोडले. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलात. तेव्हा माझ्या मनात आलं की टोपलीतली दोडकी ताजी आहेत. एवढंच आलं. आजही आतून तसंच आहे. वर्गावर जाते, फळ्यावर तारीख लिहिते, घरी आले की कुकर लावते. लोक भेटायला तुमच्या घरी जातात, तुमच्या मुलाशी बोलतात. माझ्याकडे कोणी येत नाही आणि त्यात चूक काहीच नाही. मला तुमचं सुतक नाही. मी तुमची कोणी लागत नाही, हे मी स्वतः शाळा निरीक्षकांच्या भर कचेरीत सांगितलेलं आहे.

तो दिवस तुम्हाला आठवत असणारच. तुम्ही काहीच विसरायचा नाहीत, हा तुमचा मोठा वैताग होता.

मी तेव्हा शाळेत नवी लागले होते. तुम्ही नुकतेच रेल्वेतून निवृत्त होऊन प्रबंधक झाला होता. आपल्या मुलींच्या शाळेला सरकारची मान्यता होती, पण मदत नव्हती. परीक्षा सरकारी मंडळाची, अभ्यासक्रम त्यांचा, तपासणीला निरीक्षक त्यांचे. पगार मात्र आपण फीतून आणि देणग्यांतून भागवायचे. आणि शाळा चालवायची ती सभासदांनी निवडून दिलेल्या समितीनं, समितीच्या वतीनं सही करायची प्रबंधकानं. हे सगळं 'प्रशासन योजना' नावाच्या एका पुस्तिकेत लिहिलेलं होतं. ती पुस्तिका शाळेच्या कपाटात होती आणि तुमच्या आधी ती कोणी उघडल्याचं मला माहीत नाही. आपल्या लोकांना वाटायचं, शाळा आपली, माणसं आपली, मग पुस्तिका कशाला?

म्हणून तर निवडणुकीचं आमंत्रण अक्षता देऊन केलं होतं! लग्नामुंजीला करतात तसं. बालाजी घाटापासून संकठा घाटापर्यंत प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन हळदकुंकवातल्या अक्षता हातावर ठेवायच्या आणि सांगायचं, 'रविवारी शाळेत सभा आहे, यायचं हं.' आमच्या लहानपणापासून तसंच चालत आलं होतं. सभा झाली, तुम्हाला प्रबंधक निवडलं, कोणी ब्र काढला नाही, पेढे वाटले. आणि महिन्याच्या आत आपलेच एक सभासद गोपाळराव यांनी निरीक्षकांकडे तक्रार नेली की मला सभेची नोटीसच मिळाली नाही, म्हणून ही निवडणूक बेकायदा. गोपाळराव सभेला आले नव्हते. अक्षता त्यांच्या बायकोच्या हातावर ठेवल्या होत्या, तिनं त्या देवापुढे वाहिल्या होत्या आणि नवऱ्याला सांगायचं विसरली होती.

निरीक्षक भला माणूस होता. त्यानं आपल्या सगळ्यांना कचेरीत बोलावून शांतपणे ऐकून घेतलं आणि तुम्हाला विचारलं, "पंडितजी, चावल को मैं नोटिस कैसे मान लूँ?"

तुम्ही म्हणालात, "साहब, काशी में इससे पक्का बुलावा नहीं होता."

"मानता हूँ. लेकिन इस पर एजेंडा कहाँ लिखा है?"

तुमचा चेहरा मी बघत होते. रेल्वेत सारी हयात नियमपुस्तकावर काढलेला माणूस तुम्ही, आणि तांदळाच्या दाण्यावर विषयपत्रिका शोधायची वेळ आली. मला हसू फुटत होतं. तेवढ्यात गोपाळरावांनी दुसरी तक्रार काढली. समितीच्या सभासदाच्या जवळच्या नातेवाइकाला शाळेत नेमायचं नाही असा नियम आहे, आणि ही बाई प्रबंधकांची भाची आहे. मोहल्ला साक्षीला आहे, ही त्यांना मामा म्हणते.

माझं हसू तिथंच विरलं. आई तुम्हाला भाऊबीजेला ओवाळायची, कारण तिला सख्खा भाऊ नव्हता आणि तुम्ही शेजारी होता. तेवढंच नातं. पण निरीक्षकांनी मला उभं केलं आणि विचारलं, "ये आपके कौन लगते हैं?"

"कोई नहीं," मी म्हटलं. "मेरा इनसे कोई रिश्ता नहीं है."

ते खरं होतं. तुम्ही मान हलवलीत. माझी नोकरी वाचली. निवडणूक रद्द झाली, पुन्हा लेखी नोटीस काढून, निरीक्षकांचा माणूस बसवून घेतली गेली आणि पुन्हा तुम्हीच निवडून आलात. गोपाळरावांनाही तुम्ही समितीत घ्यायला लावलंत. बाहेर पडताना मला वाटलं, चला, संपलं. तुमच्यासाठी ते तिथं सुरू झालं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला 'बाई' म्हणालात. काल सकाळपर्यंत मी 'वासंती' होते, 'ए वेडाबाई' होते. "बाई, तुम्ही सातवीचा वर्ग घ्या." मला वाटलं, थट्टा करताय. तुम्ही थट्टा करत नव्हता. त्या वर्षी भाऊबीजेला आई ताम्हण घेऊन बसली आणि तुम्ही आला नाहीत. "कचेरीत सांगून आलोय की नातं नाही. आता ओवाळून घेतलं तर ते खोटं होईल आणि मुलीची नोकरी जाईल," असा निरोप धाडलात. आईनं चंद्राला ओवाळलं, आणि तुम्हाला द्यायच्या शिव्या मला दिल्या.

माझ्या लग्नाचं तर मी आजही विसरलेले नाही. मंगलाष्टकांच्या आधी भटजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मला सख्खे मामा नाहीत हे तुम्हाला माहीत होतं. आठवडाभर आधी मी स्वतः तुमच्याकडे येऊन म्हटलं होतं, "मामा, तुम्ही मला बोहल्यावर न्या." तुम्ही चष्मा पुसत राहिलात आणि म्हणालात, "गोपाळराव वराकडचे पाहुणे आहेत, बाई. सगळे बघतील." मला बोहल्यावर शेजारच्या रामभाऊंनी नेलं. तुम्ही पाहुण्यांत मागे बसला होता, पंगतीत भात वाढायच्या आधी उठलात आणि गेलात. आहेर मात्र मामानं करावा तसा, पिवळी अष्टपुत्री साडी. वर नाव शाळेचं.

मला तेव्हा तुमचा राग आला होता, तो आजही आहे. एखाद्या नियमाला माणूस किती घाबरेल? पुढे वय झाल्यावर मला वाटायला लागलं की तुम्ही घाबरत नव्हता, तुम्ही मला सांभाळत होता. तरीही राग गेला नाही. दोन्ही शेजारीशेजारी राहिले, भाडेकरूंसारखे.

पण त्या अक्षतांच्या प्रकरणातून तुम्ही एक पद्धत पाडलीत आणि तिच्यासाठी मी तुमचे पाय धरीन. तुम्ही म्हणायचात, "सभेत जे बोललं जात नाही ते कचेरीत बोललं जातं. गोपाळराव सभेत भांडले असते तर निरीक्षकांकडे गेले नसते." म्हणून प्रत्येक सभेच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, तुम्ही माझ्या खोलीत यायचात, चहा मागवायचात आणि दुसऱ्या दिवशीचे ठराव काढायचात. तोवर मी मुख्याध्यापिका झाले होते, म्हणून समितीची पदसिद्ध सभासद होते. ज्या ठरावावर आपलं पटत नसे, त्याची आपण तालीम करायचो. आधी आपापली बाजू. मग तुम्ही कप खाली ठेवून म्हणायचात, "आता बाजू बदला. तुम्ही मी व्हा."

आणि मी तुम्ही व्हायचे, तुम्ही मी व्हायचात. इतके की मलाच लाज वाटावी. माझ्या बाजूचे मुद्दे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले मांडायचात. "बाई, पेन्शनचा मुद्दा तुम्ही शेवटी ठेवता. तो आधी ठेवा, मग मला उत्तर नाही." दुसऱ्या दिवशी मी तो आधी ठेवायचे, आणि तुम्ही सभेत उभं राहून त्याला उत्तर द्यायचात. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी एकदा भर सभेत म्हटलं. तुम्ही इतिवृत्त लिहिणाऱ्याला म्हणालात, "हेही लिहा."

बहुतेक वर्षी तालीम एकाच ठरावाची असायची. शाळेनं सरकारी अनुदान मागावं की नाही. मी म्हणायचे, मागावं. सिंधूताईंचंच बघा. विधवा बाई, उमेदीची सगळी वर्षं या शाळेत घातली. महिना संपून पंधरवडा झाला तरी पगाराची वाट बघायची, आणि निवृत्त झाल्या की हातात शाल नि नारळ. पलीकडच्या अनुदानित शाळेतल्या बायकांना सरकारी खजिन्यातून पगार मिळतो, म्हातारपणी पेन्शन मिळते. आपण स्वतंत्र आहोत हा आपला तोरा सिंधूताईंच्या जिवावर चालला आहे. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायचे.

तुम्ही म्हणायचात, नको. पगार त्यांचा झाला की शिक्षिका त्यांची. ती आपण निवडायची नाही, इलाहाबादेतला आयोग निवडणार. एक बाई निवृत्त झाली की दुसरी येईपर्यंत वर्ग रिकामा. आली तर ती मराठी जाणणारी असेल याची हमी कोण देणार? आज कुणा मुलीची आई धुण्याचे हात पुसत दारात येते, म्हणते, हिला घ्या, फी पुढे बघू. आणि आपण घेतो. उद्या तिला सांगायचं का, निरीक्षकांकडे अर्ज करा? "ज्याचं दार ठोठावता येईल असं कोणीतरी पाहिजे, बाई. समिती म्हणजे दुसरं काय असतं?"

आपल्या दोघांचंही खरं होतं. म्हणूनच ते भांडण कधी संपलं नाही. दर वर्षी मतं मोजली की तुम्ही थोडक्यात जिंकायचात आणि मला म्हणायचात, "पुढच्या वर्षी बघा."

या वर्षी निरीक्षक कचेरीतून कळलं की अनुदानाच्या यादीत काही शाळा घेणार आहेत; समितीचा ठराव लवकर पाठवा, पुन्हा संधी कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही लगेच सभेची नोटीस काढलीत. माझा ठराव, आणि नोटिशीवर सही तुमची. तेवढ्यात तुम्हाला धाप लागून अस्पतालात ठेवलं.

मी तिथं आले होते. तुमच्या नाकाला नळी होती. मी स्टुलावर बसले. मला वाटलं, आता लग्नातलं काही बोलाल. नुसतं 'वासंती' म्हणाल. तुम्ही नळी बाजूला करून म्हणालात, "सभा पुढे ढकलू नका. नोटीस गेलेली आहे."

"तालीम राहिली," मी म्हटलं.

"तुम्हाला दोन्ही बाजू येतात."

नर्स ओरडली म्हणून तुम्ही नळी परत लावलीत. मी बोलायला हवं होतं ते एकच होतं, की मामा, कचेरीत मी खरं सांगितलं होतं पण ते पुरतं खरं नव्हतं. वाटलं, उद्या बोलू. त्या उद्याच्या सकाळी सिंधूताई दारात आल्या.

सभा नोटिशीत होती त्याच दिवशी झाली. तुमचं तेरावं व्हायचं होतं. अध्यक्ष आता गोपाळराव आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी शोकप्रस्ताव वाचला. तुमच्यावर पहिली तक्रार ज्यांनी केली ते तुमच्यासाठी रडले आणि मी नुसती उभी राहिले. मौन संपलं, सगळे बसले. प्रबंधकांची जागा रीतसर निवडणूक घेऊन भरायची, तोवर उपप्रबंधक काम पाहतील, असं ठरलं. कचेरीत आता तुमची सही चालणार नाही, दुसऱ्याची सही प्रमाणित करून घ्यावी लागेल, हेही कोणीतरी म्हणालं. मी मान हलवली. हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचं चाललंय असं मला वाटत होतं.

मग माझा ठराव आला. मी मांडला. पेन्शन आधी ठेवली. शिक्षक-सभासद म्हणून सिंधूताईंनी अनुमोदन दिलं. गोपाळराव म्हणाले, "विरोधात कोणाला बोलायचंय?"

कोणीच बोललं नाही. जी माणसं दर वर्षी तुमच्या बाजूनं हात वर करायची ती टेबलाकडे बघत बसली. त्यांचं तरी काय? त्यांच्या वतीनं बोलणारा माणूस गेला होता. एकानं घड्याळ बघितलं. गोपाळराव म्हणाले, "मग सर्वानुमते–"

"मला बोलायचंय," मी म्हटलं.

"अहो बाई, ठराव तुमचाच ना?"

"हो. तरी विरोधातली बाजू नोंदवली गेली पाहिजे."

आणि मी तुम्ही झाले, मामा. आयोगाचं सांगितलं. रिकाम्या राहणाऱ्या वर्गांचं सांगितलं. मराठी न जाणणारी बाई आपल्या पहिलीच्या मुलींपुढे उभी राहील तेव्हा काय होईल ते सांगितलं. धुण्याचे हात पुसत आलेल्या आईचं सांगितलं. सिंधूताई माझ्याकडे डोळे फाडून बघत होत्या, कारण त्यांची पेन्शन मी त्यांच्यासमोर हाणून पाडत होते. मी थांबले नाही. कच्चं बोलले असते तर तुम्ही मला आयुष्यभर... म्हणजे आता आयुष्यभर नाही. पण मी कच्चं बोलले नाही. तुम्ही कधी बोलला नसाल इतकं चांगलं बोलले. एकदोघांच्या माना हलल्या. क्षणभर वाटलं, जिंकताय तुम्ही. मला ते नको होतं, आणि त्याच वेळी मला तेच हवं होतं.

मग हात वर झाले. माझा हात ठरावाच्या बाजूनं होता. ठराव माझा होता आणि सिंधूताईंना मला तोंड दाखवायचं होतं. सगळेच हात बाजूनं होते. विरोधात एकही नाही. गोपाळरावांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि पुढच्या विषयावर गेले, गच्चीच्या गळतीवर.

मी इतकी वर्षं मागितलं ते मला मिळालं होतं. सिंधूताईंनी टेबलाखाली माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता. आणि मग माझा बांध फुटला, सगळ्या समितीदेखत, पदर तोंडात कोंबूनही आवरेना. गळतीची चर्चा थांबली.

"बाई, अहो बाई, आपण जीतलो ना?" सिंधूताई म्हणत होत्या. "मग काय झालं?"

"मामा हरले," मी म्हटलं.